शाळेच्या वर्गासाठी हौशी रेडिओ किट कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) म्हणजे छंद म्हणून परवाना घेऊन स्वतःच्या संचावरून रेडिओ संपर्क साधणे. ही प्रश्नोत्तरे मुख्याध्यापक, विज्ञान शिक्षक आणि शाळेला एखादे किट भेट देऊ इच्छिणारे पालक व माजी विद्यार्थी यांच्यासाठी आहेत. नियम भारतातील आहेत आणि उदाहरणे देताना महाराष्ट्र व गोव्यातील शाळा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

शाळेसाठी हौशी रेडिओ किट घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे?

या एकाच नावाखाली बाजारात चार निरनिराळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे मोर्स या लहान-लांब ठोक्यांच्या सांकेतिक लिपीच्या सरावाचे किट, ज्यात बटण दाबले की ठरावीक पट्टीचा आवाज येतो. दुसरी म्हणजे स्वतः जोडायचा ग्राही, मग तो साधा क्रिस्टल रेडिओ असो किंवा 7 मेगाहर्ट्झवरील हौशी केंद्रे ऐकवणारा लहानसा रिसीव्हर. तिसरी म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) डोंगल, ज्यात संकेत निवडण्याचे व उलगडण्याचे बहुतेक काम सॉफ्टवेअर करते. चौथी म्हणजे ट्रान्सीव्हर, अर्थात ऐकणारा आणि प्रक्षेपण करणारा संच.

शाळेने खरेदीही याच क्रमाने करावी, असे माझे ठाम मत आहे. ट्रान्सीव्हर आधी आणला, तर बोलण्यासाठी परवाना नसतो, ऐकण्यासाठी चांगला एरियल नसतो आणि महागडा संच कपाटात कुलूपबंद राहतो. ऐकण्यापासून सुरुवात केलेल्या शाळेत मात्र पहिल्याच महिन्यात मुलांच्या हाती काहीतरी लागलेले असते, आणि ट्रान्सीव्हर घेण्याची वेळ येईपर्यंत तो कशासाठी हवा आहे हे मुलांनाच सांगता येते.

परवाना नसताना शाळेला काय करता येते?

मोर्सचा सराव, ग्राहीची जोडणी, एरियल बांधणे, अंतराळ स्थानकाचे संकेत ऐकणे, उपग्रहाने पाठवलेले चित्र उलगडणे, यांपैकी कशासाठीही परीक्षा द्यावी लागत नाही. प्रक्षेपण करणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. असे यंत्र वापरण्यासाठीच काय, नुसते बाळगण्यासाठीही परवाना लागतो. त्यामुळे ‘आत्ता घेऊन ठेवू, परवाना आल्यावर बाहेर काढू’ हा बेत नियमात बसत नाही.

एक सवलत मात्र शाळांच्या उपयोगाची आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या वॉकी-टॉकींना भारतात 2018 पासून परवान्यातून सूट आहे, अट एवढीच की त्या नमुन्याला शासनाची प्रकार-मान्यता मिळालेली असली पाहिजे. हा हौशी रेडिओ नव्हे, परंतु बोलणे संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणणे, दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेणे, नाव ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ अशा अक्षरमालेने सांगणे, या सवयी वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये असे दोन संच ठेवून चांगल्या लावता येतात.

परवाना कोणाला मिळतो आणि शाळेत तो कोणी काढावा?

हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखा देते. त्यासाठी 1978 च्या हौशी सेवा नियमांखालील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि वयाची किमान अट 12 वर्षे पूर्ण अशी आहे, म्हणजे सातवीतील बहुतेक मुले परीक्षेला बसू शकतात. श्रेणी दोन आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडच्या परीक्षेत रेडिओचे तत्त्व व नियम यांवरील लेखी प्रश्न असतात. जनरलसाठी त्याखेरीज मिनिटाला 8 शब्द या गतीने मोर्स पाठवणे व घेणे जमावे लागते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, रिस्ट्रिक्टेडसाठी व्हीयू3 आणि जनरलसाठी व्हीयू2 या अक्षरांनी सुरू होते.

शाळा किंवा संस्थेच्या नावे केंद्राचा परवाना काढण्याची तरतूद नियमांत आहे, पण तेथेही जबाबदारी घेणारी व्यक्ती स्वतः परवानाधारक असावी लागते. म्हणून किटच्या किमतींची चौकशी करण्याआधी शाळेतील एका शिक्षकाने, शक्य तर दोघांनी, परीक्षेचा अर्ज भरावा. अर्ज सरल संचार या संकेतस्थळावर भरता येतो. अर्जापासून परवाना हाती येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात आणि वर्गातील ऐकण्याचे, जोडणीचे सगळे उपक्रम नेमके याच काळात बसतात. दोन शिक्षक म्हणण्याचे कारण असे की एकाची बदली झाली की सगळे ठप्प होते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत बदली ठरलेलीच असते.

पहिले किट कोणते घ्यावे?

मोर्स सरावाचे किट घ्यावे, आणि ते तयार न घेता सुट्या भागांतून बनवावे. 555 क्रमांकाची आयसी, दोन रोध, दोन संधारित्रे, एक लहान स्पीकर, 9 व्होल्टची बॅटरी आणि दाबायचे बटण एवढेच त्यात लागते. आयसीच्या नेहमीच्या दोलक (ऑसिलेटर) जोडणीत पहिला रोध 10 किलोओहम, दुसरा 100 किलोओहम आणि पट्टी ठरवणारे संधारित्र 10 नॅनोफॅरड ठेवले, तर सुमारे 690 हर्ट्झचा आवाज मिळतो, जो कानाला सुखद वाटतो. दुसरा रोध बदलला की पट्टी बदलते. या जोडणीच्या वारंवारितेचे सूत्र फळ्यावर मांडून मुलांना आधी उत्तर काढायला लावावे आणि मग आवाजाची वारंवारिता दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर ताडून पाहायला सांगावे. नववीच्या ध्वनीच्या धड्याला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

हे किट पहिले घेण्याचे आणखी एक कारण आहे. त्यात चूक झाली तरी नुकसान काही रुपयांचे होते, त्यामुळे शिक्षक मुलांच्या हातात ते निर्धास्तपणे सोपवू शकतात. ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग नुसते खोचायच्या छिद्रांच्या पाटीवर, जोडल्यास सोल्डरिंगची (वितळवलेल्या धातूने भाग जोडण्याची) गरज नसते आणि पाचवी-सहावीची मुले दोन तासिकांत ते पूर्ण करतात. मोर्स आता जुने झाले ना, असे काही पालक विचारतात. जगभरचे हौशी केंद्रचालक आजही ते रोज वापरतात, कारण अगदी कमी शक्तीचा आणि गोंगाटात बुडालेला संकेतही मोर्समध्ये कानाने वेगळा काढता येतो.

क्रिस्टल रेडिओ अजून चालतो का?

जेथे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र जवळ आहे आणि ते सुरू आहे, तेथे चालतो. किट घेण्याआधी एक साधा ट्रान्झिस्टर शाळेच्या मैदानात नेऊन मध्यम लहरींवर काही ठळक ऐकू येते का, ते पाहावे. आवाज क्षीण असेल, तर बॅटरीविना चालणाऱ्या क्रिस्टल रेडिओत तो येणार नाही आणि मुलांचा विरस होईल. ऐकू येत असेल तर मात्र हे किट जरूर घ्यावे. त्यातील डायोड जर्मेनियमचा आहे याची खात्री करावी. सिलिकॉनचा साधा डायोड इतक्या कमी व्होल्टवर काम देत नाही. इअरफोनही उच्च रोधाचा, क्रिस्टल प्रकारचा लागतो, मोबाइलचा चालत नाही.

एसडीआर डोंगल निवडताना काय पाहावे?

शाळेकडे फक्त एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर मी ही वस्तू सुचवेन. आरटीएल2832यू या चिपवर आधारलेला डोंगल साधारण 25 मेगाहर्ट्झपासून 1700 मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत घेऊ शकतो, आणि पडद्यावर वाहणाऱ्या चित्रपट्टीत एफएम केंद्रे, विमानांचे संकेत, उपग्रह असे सगळे एकदम डोळ्यांना दिसते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रोजेक्टरवर ही चित्रपट्टी लावली की वारंवारिता म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे त्यात तापमान-भरपाई असलेला दोलक आहे का. नसल्यास डोंगल तापू लागताच केंद्र हळूहळू सरकते आणि मुलांना वाटते की आपलेच चुकले. दुसरी म्हणजे एरियलसाठी एसएमए, म्हणजे आट्यांनी घट्ट बसणारी, जोडणी आणि धातूचे आवरण आहे का. प्लॅस्टिकच्या आवरणातील स्वस्त डोंगल संगणकाचाच गोंगाट उचलतो. तिसरी म्हणजे 25 मेगाहर्ट्झच्या खालचे, म्हणजे लघुलहरींचे, पट्टे त्यात ऐकण्याची सोय आहे का. ही सोय असेल तर 7.074 किंवा 14.074 मेगाहर्ट्झवर लावून एफटी8 या छोट्या डिजिटल संदेशांच्या पद्धतीचे संदेश वाचता येतात. त्यासाठीचे सॉफ्टवेअर मोफत आहे. दर 15 सेकंदांनी पडद्यावर येणाऱ्या ओळींत कॉल साइनबरोबर पाठवणाऱ्याच्या चौकोनाचा संकेत असतो. हौशी केंद्रचालकांनी जगाच्या नकाशाचे असे चौकोन पाडलेले आहेत: मुंबईचा बराचसा भाग एमके69 मध्ये येतो, पुणे एमके68 मध्ये आणि नागपूर एमएल91 मध्ये. भिंतीवर जगाचा नकाशा लावून ऐकू आलेल्या चौकोनांत टाचण्या टोचत गेल्यास सकाळी कोणते देश येतात आणि संध्याकाळी कोणते, यातून आयनांबराचा, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या थराचा, धडा मुले आपणहून शिकतात.

विकत घेण्याआधीच अनुभव हवा असल्यास नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही मोफत फिरवता येतो. एक तासिका त्यावर घालवावी आणि मग निर्णय घ्यावा.

जुन्या पुस्तिकांत अमेरिकी हवामान उपग्रहांची चित्रे मिळवण्याचा प्रयोग असतो. तो करता येईल का?

नाही. एनओएए-15, 18 आणि 19 हे तिन्ही उपग्रह 2025 च्या जून ते ऑगस्टदरम्यान सेवेतून बाहेर गेले. केवळ त्यांच्यासाठी बनवलेले किट कोणी देऊ केल्यास घेऊ नये. रशियाचे मेटेओर मालिकेतील उपग्रह 137 मेगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात डिजिटल चित्रे पाठवतात आणि तोच डोंगल व तोच व्ही आकाराचा एरियल त्यांनाही चालतो.

अंतराळ स्थानक ऐकण्यासाठी वेगळे किट लागते का?

लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी केंद्र 145.800 मेगाहर्ट्झवर एफएम पद्धतीने बोलते, आणि तो संकेत वर सांगितलेल्या डोंगलवर सहज येतो. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जात असते. माथ्याजवळून जाणारी फेरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साधारण दहा मिनिटे ऐकू येते. वेळा सांगणारी मोफत ॲप्स आहेत, पण प्रत्येक फेरीत कोणी बोलत असतेच असे नाही, हे मुलांना आधीच सांगावे. अधूनमधून स्थानकावरून चित्रे पाठवण्याचे कार्यक्रम होतात; त्यांतील एक चित्र उतरायला सुमारे दोन मिनिटे लागतात आणि स्पीकरजवळ धरलेल्या मोबाइलमधील रोबोट36 हे ॲप ते उलगडते.

2025 च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हौशी रेडिओवरूनच संवाद साधला. त्यानंतर ‘आमच्या शाळेला असे बोलता येईल का’ असा प्रश्न विचारला जातो. स्थानकाशी शाळांचा रेडिओ संपर्क घडवून आणणाऱ्या एआरआयएसएस या आंतरराष्ट्रीय उपक्रमाकडे शाळा अर्ज करू शकतात. त्यात परवानाधारकांचे साहाय्य आणि मुलांनी आधी केलेला अभ्यास, दोन्ही पाहिले जातात.

येथे मापनाचाही एक सुंदर प्रयोग आहे. स्थानक जवळ येत असताना संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तितकाच खाली सरकलेला दिसतो. चित्रपट्टीवरून हे अंतर मोजून मुलांनी वेग काढावा आणि दहावीच्या ‘अंतराळ मोहिमा’ प्रकरणातील सूत्राने आलेल्या सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर या उत्तराशी तो पडताळावा. दोन्ही उत्तरे जवळ आली की पुस्तकातल्या सूत्रावर मुलांचा जो विश्वास बसतो, त्यासाठी एवढा खटाटोप नक्कीच करावा.

ट्रान्सीव्हरचे किट घ्यायचे ठरल्यास कोणते घ्यावे?

शाळेत परवानाधारक असेल, तर भारतीय शाळेने बिटएक्स घराण्याचा विचार सर्वांत आधी करावा. हैदराबादचे अशर फरहान यांनी 2003 मध्ये हा संच आखला तेव्हा भारतात सहज मिळणाऱ्या भागांतून तो बनला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मूळ बिटएक्स20 हा 14 मेगाहर्ट्झवर सुमारे 6 वॅट शक्तीने बोलणारा संच होता. पुढे 7 मेगाहर्ट्झचा बिटएक्स40 आला आणि नंतर अनेक पट्ट्यांवर चालणारा मायक्रोबिटएक्स, ज्याची वारंवारिता आर्डुइनो नॅनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि एसआय5351 ही चिप मिळून ठरवतात. परदेशांतही हे संच आवडीने बांधले गेले. परंतु शाळेच्या दृष्टीने त्यांचा खरा गुण असा की आराखडा पूर्णपणे खुला आहे. सर्किटचा कोणता टप्पा काय करतो ते बोट ठेवून दाखवता येते, आणि बिघडलेला ट्रान्झिस्टर पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलता येतो.

किट मागवताना ते कितपत जोडलेले येते हे विचारून घ्यावे. काही आवृत्त्यांत मुख्य सर्किट बोर्ड जोडूनच मिळतो आणि फक्त नॉब, डिस्प्ले, स्पीकर व वीजजोडणी करायची असते. आठवी-नववीच्या मुलांसाठी हेच योग्य, कारण पृष्ठभागावर चिकटवायचे तांदळाएवढे भाग नवख्या हातांना जमत नाहीत. संचाबरोबर डमी लोड (चाचणीत एरियलऐवजी लावून शक्ती जिरवणारा रोध) आणि एसडब्ल्यूआर मीटर (एरियल संचाशी किती जुळतो ते दाखवणारा) घेतल्याखेरीज प्रक्षेपणाची चाचणी करू नये. एरियल न जोडता बटण दाबले, तर शेवटच्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. आपल्या श्रेणीला कोणते पट्टे व किती शक्ती मंजूर आहे, हे परवान्यावर वाचूनच संच लावावा. परवाना नसलेल्या विद्यार्थ्याने प्रक्षेपणाचे बटण दाबायचे नाही, हा नियम संचाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त दुहेरी पट्ट्यांचे हँडसेट का घेऊ नयेत?

हे हँडसेट 136 ते 174 आणि 400 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांत कोठेही प्रक्षेपण करू शकतात, आणि त्यांतील बराच भाग पोलीस, जहाजे व इतर सेवांचा आहे. भारतात हौशींना 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढेच पट्टे या भागात दिलेले आहेत. मुलाच्या हातून चुकीचा आकडा दाबला गेला, तर उत्तर शाळेला द्यावे लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये अशा उपकरणांच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. शिवाय बंद डब्यातला हा संच वर्गात उघडून काही शिकवता येत नाही.

एरियल किटबरोबर येतो, तो पुरेसा असतो का?

सहसा नसतो. चुंबकाच्या बैठकीचा लहान एरियल एफएम केंद्रांपुरता ठीक आहे. एरियल हा विकत घेण्याचा भाग मानू नये. तो मुलांनी बनवावा, कारण संपूर्ण विषयात इतक्या कमी खर्चात इतके शिकवणारे दुसरे काही नाही.

अर्धलहरी डायपोलची, म्हणजे दोन समान भुजांच्या एरियलची, लांबी मीटरमध्ये काढायची, तर 143 ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे. 145.8 साठी उत्तर साधारण 98 सेंटिमीटर येते, म्हणजे 49 सेंटिमीटरच्या दोन पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या काड्या पुरतात. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ते सुमारे 20 मीटर येते. घरगुती वायरिंगच्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे थोडे जास्त ठेवून कापावेत आणि एसडब्ल्यूआर मीटर पाहत पाहत छाटत जावे. हा डायपोल फार उंच नेता आला नाही, तरी निराश होऊ नये. गच्चीवर पाच-सहा मीटर उंचीवर बांधलेल्या तारेतून संकेत बहुतांशी सरळ वर जातो आणि आयनांबरावरून परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरतो. पुण्याहून नागपूर हवाई मार्गाने सुमारे 600 किलोमीटर आहे आणि दिवसा 7 मेगाहर्ट्झवर अशी गाठ नेहमी पडते. 1993 च्या किल्लारी भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानात दूरध्वनी बंद असताना हौशी केंद्रचालकांनी निरोप पोहोचवले, ते लघुलहरींच्या याच गुणावर.

तार कोठेही वीजवाहिनीच्या जवळून किंवा वरून नेऊ नये. या बाबतीत शाळेने कोणतीही तडजोड करू नये. जागा नसेल तर एरियल लहान करावा.

सोल्डरिंग मुलांकडून करून घेणे सुरक्षित आहे का?

देखरेख असेल तर आहे. 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न, त्याचे स्टँड, डोळ्यांवर चश्मा, उघड्या खिडक्या आणि एका शिक्षकामागे सहा-आठपेक्षा जास्त मुले नाहीत, एवढे पाळावे. 60/40 चे शिसेयुक्त सोल्डर कमी तापमानाला वितळते आणि शिकायला सोपे असते, पण त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम मोडू देऊ नये. लहान वर्गांसाठी शिसेविरहित सोल्डर किंवा ब्रेडबोर्डच बरा.

चाळीस मुलांच्या वर्गाला किती किट लागतात?

जोडणीच्या किटवर चार मुलांचा गट बसवावा, म्हणजे दहा किट, आणि दोन जास्तीची. डोंगल एक पुरतो. ट्रान्सीव्हर सबंध शाळेला एकच असावा.

निधी कोठून आणावा?

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, आर्डुइनो हे बहुधा तेथे आहेतच. सहावी ते बारावीसाठीच्या या प्रयोगशाळांना मिळणाऱ्या अनुदानाच्या नियमांत काय बसते, ते पाहून डोंगल व सुटे भाग घेता येतील. लॅब नसेल, तर माजी विद्यार्थ्यांकडे रकमेऐवजी वस्तूंची नेमकी यादी द्यावी. जवळच्या हौशी रेडिओ क्लबला पत्र लिहिणे हे त्याहून मोलाचे आहे, कारण महिन्यातून एकदा शाळेत येणारा अनुभवी केंद्रचालक कोणत्याही किटपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

विक्रेत्याला काय विचारावे?

सर्किटचा आराखडा किटबरोबर देता का, सुटे भाग वेगळे मिळतात का, जोडणीची पुस्तिका छापील आहे का, आणि ट्रान्सीव्हर असल्यास आमच्या परवान्याची प्रत मागणार का, हे विचारावे. जो परवाना मागत नाही, त्याच्याकडून ट्रान्सीव्हर घेऊ नये.

पावसाळ्यात किटची काळजी कशी घ्यावी?

मे महिन्यातील वळवाच्या पावसापासून परतीच्या पावसापर्यंत रोज शाळा सुटताना एरियलची केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी आणि गडगडाट सुरू असताना एरियलवरचे कोणतेही काम करू नये. केबलच्या बाहेरील जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी, अन्यथा पाणी आत शिरून केबल वर्षभरात निकामी होते. कोकण व गोव्याच्या दमट हवेत किट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. 12 व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत तशीच पडून राहिली, तर खराब होते. ती महिन्यातून एकदा चार्ज करण्याचे काम सुट्टीतही शाळेत येणाऱ्या कोणाकडे तरी नावानिशी सोपवावे.